वाटीचं ग्रॅममध्ये केलं आणि उकड बिघडली? आधी हे तपासा

दरवर्षी गणपती जवळ आले की मला हाच प्रश्न येतो, कधी चुलतबहिणीकडून, कधी बिल्डिंगमधल्या मैत्रिणींकडून, की अगं घरच्या चार वाट्यांची उकड मस्त होते, पण जास्त मोदक करायचे म्हणून किलोवर गेलं की बिघडते, पारी चिरते नाहीतर हाताला चिकटते, पीठ तेच, हात तोच, मग नेमकं होतं काय? माझंही ओळीने दोन वर्षं हेच झालं होतं, दोन्ही वर्षी वेगवेगळ्या कारणाने, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवते. मोदक हे उदाहरण म्हणून घेतलंय कारण त्यात सगळ्या चुका एकदमच सापडतात, पण शंकरपाळी, बेसनाचे लाडू, केक, काहीही वाटीतून किंवा कपातून वजनावर नेताना हेच नडतं.

आधी पहिल्या वर्षीचं सांगते. ओळखीतल्या एका घरी अथर्वशीर्षाच्या आवर्तनांसाठी शंभर मोदक हवे होते, मी हो म्हटलं. आमच्याकडे उकडीचं प्रमाण साधं, जेवढ्या वाट्या पीठ तेवढ्याच वाट्या पाणी. चार वाट्यांत एकवीस मोदक आणि वर एक करंजी होते, त्या हिशेबाने शंभराला २ किलो पीठ लागेल असं धरलं, आणि ‘जेवढं पीठ तेवढं पाणी’ म्हणून २ लिटर पाणी उकळायला ठेवलं. पीठ टाकलं, ढवळलं, झाकण ठेवून वाफ आणली आणि परातीत काढलं तर मधेमधे कोरं पीठ, गुठळ्या, मळताना पाण्याचे हात लावून लावून हात भाजले तरी पारीच्या कडेला चिरा पडतच होत्या. कळ्या काढायला बोटं जवळ आणली की पारी फाटायची. निम्म्या उकडीच्या मिरची-जिरं घालून निवगऱ्या केल्या आणि मोदकांसाठी नवीन पीठ आणून परत वाटीने मोजून उकड केली, रात्रीचा एक वाजला.

चूक कुठे होती? वाटीने सारखं म्हणजे वजनाने सारखं नाही. पाण्याची वाटी जड असते, पिठाची हलकी, कारण पिठात कणांच्या मधे हवा असते. माझी रोजची वाटी १५० मिलीची आहे, त्यात पाणी भरलं तर १५० ग्रॅम बसतं, पण तांदळाची पिठी मी जशी भरते तशी भरली तर ९६ ग्रॅमच बसते. म्हणजे ‘एकास एक’ हे वाटीचं प्रमाण वजनात मांडलं तर १०० ग्रॅम पिठाला १५६ ग्रॅम पाणी होतं. मी २ किलोला २ लिटर घेतलं, वाटीच्या हिशेबाने ३ लिटरच्या वर हवं होतं. एक तृतीयांश पाणीच कमी, मग उकड मऊ कशी होणार.

तेव्हा पहिली तपासणी हीच करा, की तुमच्या रेसिपीत ‘समप्रमाण’, ‘दुप्पट’, ‘निम्मं’ असे शब्द आहेत का, आणि ते प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं. जुन्या घरगुती कृतीत ते जवळजवळ नेहमी आकारमानाचं असतं. आपल्याकडे धान्य मापायचीच पद्धत होती, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि ही सगळी भरायची मापं, तागडीची नाहीत. आमच्या माहेरी अजून एक पितळी चिपटं आहे, आजी त्यानेच तांदूळ काढायची. गोंधळ असा की शेर हा शब्द मापालाही होता आणि वजनालाही, वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. त्यामुळे आजीच्या वहीत ‘पावशेर’ लिहिलं असेल तर ते आजच्या बोलीतलं २५० ग्रॅम नसून जुनं २३३ ग्रॅम असू शकतं. दशमान वजनं आपल्याकडे १९५८ च्या ऑक्टोबरपासून यायला लागली, वही त्याआधीची असेल तर हे डोक्यात ठेवा. लाडवाला सात टक्क्यांनी काही बिघडत नाही, पण पाकाच्या वड्यांना बिघडतं, विशेषतः एक जिन्नस जुन्या वजनाने आणि दुसरा नवीन किलोने घेतला तर.

आता वाटीकडे या. कुणीही विचारतं की एक वाटी म्हणजे किती ग्रॅम, आणि याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, कारण वाटी म्हणजे कुठली? माझ्या घरात आमटीची वाटी १५० मिलीची, नैवेद्याची ६० ची, लग्नात आलेल्या सेटमधली २०० ची आहे. तुमची वाटी किती मिलीची हे काढायला दोन मिनिटं लागतात, काट्यावर रिकामी वाटी ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली. पाणी काठाच्या किंचित वर फुगून थांबतं तेव्हा दोनतीन ग्रॅम जास्त दाखवेल, तेवढं सोडून द्या. मग वाटीच्या बुडाला परमनंट मार्करने आकडा लिहून टाका आणि स्वयंपाकाला मोजायची वाटी तीच, दुसरी नाही.

कपाचंही तसंच आहे. बाजारात मिळणाऱ्या कपांच्या सेटवर कुठे २४० लिहिलेलं असतं, कुठे २५०. अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २५० चा, जपानी २०० चा, आणि इलेक्ट्रिक राइस कुकरबरोबर जो छोटा प्लॅस्टिकचा कप येतो तो बहुतेक वेळा १८० मिलीचा असतो, त्याने मैदा मोजून केक केला तर काय होईल ते समजून घ्या. माझी मावसबहीण मेलबर्नला असते, तिने माझी नानकटाई करून बघितली आणि दरवेळी पसरते म्हणून फोन करायची. दोन महिने आम्ही ओव्हनच्या मागे लागलो होतो. शेवटी कळलं की तिकडचा टेबलस्पून २० मिलीचा असतो, आपल्याकडे १५ चा धरतात, आणि मी तूप ‘८ टेबलस्पून’ सांगितलं होतं. तिच्याकडे १२० च्या जागी १६० मिली तूप पडत होतं. आता मी तिला तूप ग्रॅममध्येच सांगते.

पण खरं सांगायचं तर वाटीच्या आकाराने एवढा घोळ होत नाही जेवढा वाटी भरण्याच्या पद्धतीने होतो. एकच वाटी सगळ्याला वापरली तर आकाराचा फरक आपोआप कापला जातो, पीठही मोठ्या वाटीने आणि पाणीही मोठ्या वाटीने, म्हणून तर या कृती घराघरांत वेगवेगळ्या वाट्यांनी होऊनही टिकल्या. भरण्याचा फरक मात्र कापला जात नाही कारण पाणी कुणीही भरलं तरी तेवढंच बसतं आणि पीठ प्रत्येकाच्या हाताने वेगळं बसतं. मी एकाच डब्यातली पिठी एकाच १५० मिलीच्या वाटीने तीन प्रकारे भरून बघितली. चाळून, चमच्याने अलगद टाकून, सुरीने सपाट केली तर ८२ ग्रॅम. वाटीच डब्यात खुपसून उचलली आणि बोटाने सपाट केली तर ९६. ओट्यावर ठोकून ठोकून भरली तर ११२. तिन्हीला आपण ‘एक वाटी पिठी’ म्हणतो. पहिल्या आणि तिसऱ्यात ३० ग्रॅमचा फरक आहे, चार वाट्यांत १२० ग्रॅम, म्हणजे एक अख्खी वाटी आणि वर. त्यात कुणी शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग ठेवून भरणारं असेल तर अजून वेगळं.

म्हणून नेटवरचे तक्ते तुमच्या घरी चुकतात. तक्ता खोटा नसतो, तो दुसऱ्याच्या हाताचा असतो. कुणी चाळून मोजलंय, कुणी खुपसून मोजलंय, आणि ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

यावर मला जो उपाय सापडला तो सासूबाईंमुळे. त्यांची उकड कधीच चुकत नाही आणि त्यांना प्रमाण विचारलं की ‘पिठाएवढं पाणी’ हेच उत्तर. त्यांच्या हातात मापाचा कप दिला तर त्या थांबून, जपून, वेगळंच भरतात, मग त्या मापाला काही अर्थ राहत नाही. तर मी काय केलं, पिठाचा डबाच काट्यावर ठेवला. म्हटलं, “आई, आज डबा इथेच राहू दे, यातूनच घ्या.” त्या म्हणाल्या, “अगं, पिठाचं कसलं वजन करतेस, हाताला कळतं.” म्हटलं घ्या तर खरं. त्यांनी नेहमीसारखी वाटी खुपसली, अंगठ्याने थोडं दाबलं, वर शीग तशीच ठेवली आणि पातेल्याकडे गेल्या. चार वाट्या झाल्यावर डब्याचं वजन ४३६ ग्रॅमने कमी झालं होतं, म्हणजे वाटीला १०९. पाण्याच्या पातेल्याचंही तसंच, आधी आणि नंतर. त्या पाण्याची वाटी काठोकाठ भरत नाहीत, बोटभर कमी ठेवतात, त्यामुळे चार वाट्या पाणी ५४० ग्रॅमच होतं. म्हणजे त्यांचं ‘एकास एक’ हे प्रत्यक्षात १०० ग्रॅमला १२४ ग्रॅम पाणी होतं, आणि वर मळताना त्या पाण्याचा हात भरपूर घेतात, तेही मी वाडग्याचं वजन करून बघितलं, ७० ग्रॅम गेलं होतं. सगळं धरून १०० ला १४०. इतकी वर्षं मी पिठाची वाटी सपाट आणि पाण्याची काठोकाठ भरून ‘त्यांच्याच प्रमाणाने’ उकड करत होते.

तर ही युक्ती जरूर करा. ज्यांचा पदार्थ छान होतो, आई, काकू, शेजारच्या आजी, त्यांना प्रमाण विचारू नका, त्या करत असताना डब्याचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहून घ्या. त्यांना थांबवू नका, भरायची पद्धत बदलायला सांगू नका. ‘मावेल तेवढा मैदा’ असेल तर मैद्याचा डबा तोलायचा, सुरुवातीला आणि मळून झाल्यावर, मधल्या फरकात तो ‘मावेल तेवढा’ सापडतो. मीठ, तूप, गूळ सगळ्याला हे चालतं.

आता दुसऱ्या वर्षीची चूक, आणि ही मला वाटतं जास्त जणींना त्रास देते कारण हिशोब बरोबर असूनही उकड बिघडते. पहिल्या वर्षी पाणी कमी पडलं म्हणून मी नीट गणित केलं, माझ्या वाटीप्रमाणे १०० ला १५६, म्हणजे २ किलोला ३ लिटर १२०. आणि उकड सैल झाली, परातीला चिकटली, मोदक वाफवताना बसले. तेव्हा मला काहीच कळेना. कारण नंतर सापडलं, ते म्हणजे वाफ. घरी दोन वाट्यांची उकड करताना ३०० ग्रॅम पाणी पसरट कढईत खळखळ उकळतं, आपण मीठ-तूप घालतो, पिठाचा डबा उघडतो, तेवढ्या दोन मिनिटांत किती पाणी उडतं ते मी कढईचं वजन करून बघितलं तर ४४ ग्रॅम. म्हणजे ३०० तलं जवळजवळ पंधरा टक्के पाणी पीठ पडायच्या आधीच गेलेलं असतं आणि माझं रोजचं प्रमाण त्यासकट जमलेलं असतं. उंच पातेल्यात ३ लिटर उकळताना १०० ग्रॅमच्या आसपास उडतं, तीनचार टक्के. मग उरलेलं पाणी जास्तच होणार. छोटं प्रमाण दहापट करताना पीठ दहापट होतं, पाणी दहापट होतं, पण वाफ दहापट होत नाही.

हिशोब असा मांडा. दोन वाट्या पीठ माझ्या हाताने १९२ ग्रॅम, पाणी ३०० वजा ४४, म्हणजे पिठाला खरं मिळालेलं पाणी २५६. शंभराला १३३. २ किलोला २ लिटर ६६० हवं, उडणारं १०० त्यात मिळवलं की २ लिटर ७६०. मी आता २ लिटर ८०० घेते, पाण्यावर झाकण ठेवूनच उकळी आणते, आणि उकड बरोबर येते. तुमच्या तांदळाला थोडं इकडेतिकडे होईल, नवीन तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त, आणि धुऊन सावलीत वाळवून दळलेली पिठी आणि पाकिटातली पिठी सारखी वागत नाही. आंबेमोहोराच्या घरच्या पिठीवर हे आकडे काढलेत. पहिल्यांदा मोठं प्रमाण करत असाल तर एक वाटीभर उकळतं पाणी बाजूला काढून ठेवा, नंतर घालता येतं, काढता येत नाही.

पाक, खवा, दूध आटवणं, जिथे जिथे उकळणं आहे तिथे हा वाफेचा मुद्दा येतोच. उलट जिथे उकळणं नाही, तिथे सरळ गुणाकार चालतो.

धान्य आणि डाळी यांची मात्र फार काळजी करू नका. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, सगळ्यांची वाटी १५० मिलीला साधारण १२० ते १३० ग्रॅमच्या मधे बसते. म्हणून इडलीचं तीनास एक किंवा भाजणीचं चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद, अर्धी मूग हे प्रमाण तुम्ही तसंच किलोत घेतलं तरी चालतं. गडबड सुरू होते ती दळून आणल्यावर, कारण भाजणीचं पीठ हलकं आणि पाणी जड, तिथे परत उकडीसारखाच प्रश्न.

सारणाचंही बघून घ्या कारण तिथेही हेच. दोन वाट्या नारळाचा चव आणि एक वाटी गूळ असं आपण म्हणतो, कुणी त्याचं अर्धा किलो चव आणि पाव किलो गूळ करतं आणि सारण अगोड, कोरडं होतं. सैल भरलेला ओला चव १५० मिलीच्या वाटीत ५५-६० ग्रॅमच बसतो, किसलेला गूळ १०० च्या आसपास. दोन वाट्या चव म्हणजे ११५, त्याला गूळ १००, म्हणजे वजनाने जवळजवळ सारखेच. अर्धा किलो चवाला सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम गूळ घ्या. गूळ दाबून भरला तर वाटीत १३० पर्यंत जातो, आणि खडे टाकून भरला तर मधे पोकळी राहते, गुळाला वाटी वापरूच नये असं माझं मत आहे, तो चिकटतो, त्याचा आकार ठरत नाही, तोलायला मात्र एकदम सोपा.

बाकीचे काही आकडे देते, सगळे माझ्या १५० मिलीच्या वाटीचे, तुमच्या वाटीप्रमाणे गुणून घ्या. साखर १२५. पिठीसाखर चाळून ७५. या दोनवर जरा थांबा, कारण ‘एक वाटी साखर दळून’ आणि ‘एक वाटी दळलेली साखर’ यात पन्नास ग्रॅमचा फरक आहे, बेसनाचे लाडू एकदा गोडमिट्ट आणि एकदा फिके होण्याचं कारण निम्म्या वेळा हेच असतं. बारीक रवा १०५, मैदा अलगद भरला तर ७५ आणि खुपसून ९० ते ९५, बेसन चाळलेलं ६० च्या पुढे आणि दाबलेलं ८५ पर्यंत, म्हणजे बेसन सगळ्यात लबाड, ते तोलाच. दूध १५५, तेल १३८, वितळलेलं तूप १३७, मध २१०. तेला-तुपाची वाटी पाण्यापेक्षा हलकी असते हे लक्षात ठेवा. शंकरपाळीला एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप असतं ना, त्याचं कुणी प्रत्येकी १५० ग्रॅम केलं तर तूप दहा टक्क्यांनी आणि साखर वीस टक्क्यांनी वाढते, दूध मात्र थोडं कमीच पडतं, आणि मग शंकरपाळी तेलात सोडल्यावर विरघळते, कढईच्या तळाला भुगा बसतो.

तूप थिजलेलं असेल तर वाटी वापरू नका. डिसेंबरात बरणीतलं रवाळ तूप चमच्याने वाटीत भरताना खाली पोकळ्या राहतात आणि वर शीग येते, दोन्ही आपल्याला दिसत नाही. मोहनाचंही तसंच, कडकडीत तापलेलं तेल फुगलेलं असतं, गार तेलापेक्षा जवळपास दहा टक्के जास्त जागा घेतं, म्हणून तापवून चमच्याने मोजलं की मोहन कमी पडतं, आधी मोजून मग तापवलं की बरोबर पडतं. एकाच कृतीत कुणी आधी मोजतं, कुणी नंतर. ग्रॅममध्ये घेतलं की हा प्रश्नच येत नाही, तापलं तरी वजन तेवढंच राहतं.

हे सगळं नीट करूनही आकडे जुळत नसतील तर काट्याकडे बघा. घरगुती डिजिटल काटे एक ग्रॅमच्या पायरीने दाखवतात, त्यावर २ ग्रॅम सोडा मोजायला जाऊ नका, तो कधी १ म्हणेल, कधी ३. सोडा, मीठ, यीस्ट, वेलची पूड हे चमच्यानेच बरं, सपाट ५ मिलीचा चमचा भरला तर बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम आणि सोडा ५ च्या आसपास. मोठ्या प्रमाणात मीठ ३०-४० ग्रॅम झालं की मग काट्यावर चालतं. खडे मीठ चमच्याने घेऊ नका, बारीक मिठापेक्षा कमी बसतं आणि पदार्थ अळणी होतो.

काट्याची एक सवय मला फार उशिरा कळली. पीठ अगदी हळूहळू, चिमटीचिमटीने भुरभुरवत टाकलं तर काटा ते धरत नाही, त्याला वाटतं की शून्यच जरा सरकलंय आणि तो स्वतःला परत शून्यावर आणतो. तुम्ही वीस ग्रॅम टाकलेलं असतं, तो बारा दाखवतो. एकदम चमचाभर टाकायचं, किंवा शेवटी भांडं उचलून परत ठेवायचं, खरा आकडा दिसतो. बॅटरी उतरली की आकडे नाचतात. गरम पातेलं सरळ काट्यावर ठेवू नका, खाली जाड घडी किंवा लाकडी पाट ठेवून मग शून्य करा. आणि काट्याची मर्यादा बघा, बहुतेक ५ किलोचे असतात, जाड बुडाचं पातेलं आणि त्यात तीन लिटर पाणी म्हटलं की ती ओलांडते, पाणी जगमध्ये दोनतीन वेळा तोलून ओता.

काटा बरोबर आहे का हे बघायचं असेल तर अर्धा लिटरची दुधाची न फोडलेली पिशवी ठेवा, दूध पाण्यापेक्षा किंचित जड, त्यामुळे ५१५ च्या जवळपास आणि पिशवीचे दोनतीन ग्रॅम असा आकडा यायला हवा. ४८० किंवा ५५० दाखवत असेल तर काटा बदला. मिठाचं किलोचं बंद पाकीटही चालतं.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर जिन्नस, माझ्या वाटीचे ग्रॅम आणि भरायची पद्धत लिहिलेली आहे, ‘चाळून’, ‘खुपसून’, ‘दाबून’. पद्धत लिहिल्याशिवाय नुसता आकडा लिहू नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही. एक वाटी तोलून आकडा काढू नका, चार वाट्या एका भांड्यात टाकून चाराने भागा, हाताचा कमीजास्तपणा त्यात मिसळून जातो. आणि नवीन दळण आलं की पिठीची एकदा तरी परत तपासणी करा, गिरणीत जाड-बारीक झालं की वाटीचं वजन बदलतं.

आणि आत्ता या क्षणी परातीत बिघडलेली उकड घेऊन कुणी हे वाचत असेल तर, कोरडी झाली असेल तर घाईने वरून गार पाणी ओतून मळू नका, बाहेरून चिकट आणि आतून कोरडी होते. हाताने मोकळी करा, कोमट पाण्याचा हबका मारा, पातेल्यात घालून झाकण लावा आणि मंद आचेवर तीनचार मिनिटं परत वाफ येऊ द्या, मग गरम असतानाच वाटीच्या बुडाने रगडा आणि शेवटी तुपाचा हात लावून मळा. सैल झाली असेल तर वरून कोरी पिठी लावायचा मोह आवरा, कच्च्या पिठीने पारी वाफवताना फाटते. एक छोटी घट्ट उकड वेगळी करा, १०० ग्रॅम पिठीला ११० ग्रॅम पाणी, झाकण ठेवून, आणि ती गरम असताना सैल उकडीत थोडी थोडी मळत जा, एक गोळा घेऊन पारी करून बघा, कडेला चीर न पडता बोटाने कळी उचलली जात असेल तर तिथे थांबा आणि किती घट्ट उकड लागली ते डब्याच्या वजनावरून लगेच कागदावर लिहून ठेवा.